२१ इंची सीआरटी, १६०० × १२०० आणि निपाणीतलं एक डीटीपीचं दुकान

जुन्या सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीच्या, मॉनिटरवर जास्त रिझोल्यूशन हवं असलं की माणूस पहिल्यांदा विंडोजची यादी उघडतो. यादीत आकडा नसला की मॉनिटरला दोष देतो आणि तिथंच थांबतो. निपाणीत अण्णांच्या डीटीपीच्या दुकानात हेच झालं होतं. ज्या मॉनिटरवर त्यांनी वर्षानुवर्षं १६०० × १२०० वर लग्नपत्रिका लावल्या, तोच मॉनिटर नव्या संगणकाला जोडल्यावर १०२४ × ७६८ च्या पुढं सरकेना. मॉनिटर तोच, केबल तीच, बदलला होता फक्त खालचा डबा. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण एकाच लक्षणामागं तीन वेगवेगळ्या अडचणी दडल्या होत्या, आणि तिन्ही सुटल्यावरही सगळ्यात मोठा आकडा हे काही उत्तर ठरलं नाही.

आकडा कशाला हवा होता

निपाणी ही तंबाखूची बाजारपेठ, पुणे–बेंगळुरू महामार्गावरची. पाहुणे-रावळे कागल-कोल्हापूरकडचेही आणि चिकोडी-संकेश्वरकडचेही. त्यामुळं पत्रिका बऱ्याचदा दोन भाषांत निघते: एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. अण्णा मराठी श्रीलिपीत लावतात, कन्नड नुडीत (दोन्ही टायपिंगची सॉफ्टवेअर), आणि सगळी जुळणी कोरलड्रॉमध्ये. पत्रिकेतली नावांची रांग म्हणजे त्यांची खरी परीक्षा. मामा-मामी, आत्या, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', खाली बारीक टायपात स्थळ आणि वेळ. एखादी वेलांटी चुकली तर पाहुणा लग्नाला येतो, पण पत्रिका घेऊनच.

"अक्षरं दिसत न्हाईत बघ," एवढीच त्यांची तक्रार होती. "जुन्यागत करून दे की."

तक्रार साधी वाटते, पण आकडे मांडले तर ती किती खरी आहे ते कळतं. ७६८ ओळींच्या पडद्यावर मेनू, टूलबार आणि खालची पट्टी वजा केली तर कामाला साधारण ६५० ओळी उरतात. त्यात ए-फोरचं उभं पान अख्खं बसवायचं तर पानाच्या एका इंचाला ५५ पिक्सेल येतात. १२ पॉइंटची ओळ म्हणजे इंचाचा सहावा भाग, म्हणजे जेमतेम ९ पिक्सेल. रोमन अक्षर ९ पिक्सेलांत कसंबसं उभं राहतं. देवनागरीला त्याच ९ पिक्सेलांत वरची मात्रा, रफार, अनुस्वार, शिरोरेघ, अक्षराचा देह आणि खालचा उकार हे सगळं बसवायचं असतं. कन्नडला तर अक्षराच्या पायाशी ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खालचं अक्षर) लागतं. ९ पिक्सेलांत 'र्मि' आणि 'मि' यांतला फरक डोळ्याला नाही, अंदाजाला कळतो. १२०० ओळींच्या पडद्यावर तोच हिशेब इंचाला ९२ पिक्सेल आणि ओळीला १५ पिक्सेल असा येतो. ९ आणि १५ मधलं हे अंतर म्हणजे झूम करून वाचणं आणि सरळ वाचणं यांतलं अंतर.

झूम करून काम होतंच की, असं कुणी म्हणेल. होतं. पण जुळवणाऱ्याला पान एका नजरेत लागतं, आणि प्रत्येक नावाला झूम आत, झूम बाहेर करत बसलं तर लग्नसराईत रात्र पुरत नाही.

टेबलावर काय होतं

मॉनिटर २१ इंची, अपर्चर ग्रिल (काचेमागं उभ्या तारांची जाळी) जातीच्या नळीचा, सपाट काचेचा. अण्णांनी तो जुन्या बाजारातून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. मागच्या लेबलवर आणि माहितीपुस्तिकेत आडवी वारंवारता (सेकंदाला किती ओळी) ३० ते ९६ किलोहर्ट्झ, उभी (सेकंदाला किती चित्रं) ५० ते १५२ हर्ट्झ, ग्रिलचा पिच, म्हणजे रंगपट्ट्यांच्या दोन संचांमधलं अंतर, ०.२५ मिमी. मागं दोन इनपुट: एक नेहमीचं १५ पिनांचं व्हीजीए आणि दुसरं पाच बीएनसींचं (गोल, फिरवून बसवायचे जोड). अण्णांकडं पहिल्यापासून बीएनसीची जाड केबल होती आणि तीच वापरात होती.

जुना संगणक पेंटियम फोरच्या जमान्यातला, त्यात एजीपी स्लॉटचं ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले आणि तो गेला. नव्या डब्याला व्हीजीए नव्हतंच, होतं फक्त एचडीएमआय. विकणाऱ्यानं सोबत एचडीएमआय ते व्हीजीए असा बोटभर कन्व्हर्टर दिला. त्याच्या पुढं अण्णांची बीएनसी केबल आणि तिच्या पुढं मॉनिटर.

मॉनिटरच्या मागं, भिंतीला टेकून, ६०० व्हीएचा यूपीएस. हा यूपीएस पुढं येणार आहे.

अण्णांचा पुतण्या बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. त्यानं आपल्या परीनं खटपट करून ठेवली होती आणि त्यानं जे करून पाहिलं त्याचा मला फार उपयोग झाला. त्याचा निष्कर्ष होता, "दादा, मॉनिटरच म्हातारा झालाय." म्हातारा झाला होता हे खरं. पण अडचण ती नव्हती.

पहिली अडचण: मॉनिटर मुका होता

विंडोजनं मॉनिटरचं नाव 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असं दाखवलं होतं. हे नाव दिसलं की अर्धं निदान तिथंच होतं. मॉनिटरच्या आत एका छोट्या चिपमध्ये त्याची कुंडली असते, तिला ईडीआयडी म्हणतात: कोणकोणती रिझोल्यूशनं, किती वारंवारता, नळी किती मोठी. ही कुंडली संगणकाकडं जाते ती व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून. बीएनसीच्या केबलला पाच तारा असतात: लाल, हिरवा, निळा, आडवा सिंक आणि उभा सिंक. कुंडलीसाठी सहावी-सातवी तार तिथं नाहीच. म्हणजे बीएनसीवर लावलेला मॉनिटर चित्र दाखवतो, पण स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही. संगणकाला समोर कोण आहे तेच माहीत नसतं, मग तो सावधपणे छोटी यादी पुढं करतो.

मग जुन्या संगणकावर हे चालत कसं होतं? तिथं मॉनिटरची आयएनएफ फाइल हातानं बसवलेली होती आणि तिच्यात ३०-९६ आणि ५०-१५२ हे पल्ले लिहिलेले होते. जुन्या डब्याबरोबर तीही गेली. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी बसवून दिलेली ती दोन ओळींची फाइल अण्णांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

पंधरा पिनांची साधी केबल लावली आणि मॉनिटरच्या मेनूत इनपुट बदललं. लगेच विंडोजला मॉनिटरचं नाव कळलं, यादी लांबली आणि यादीत १६०० × १२०० दिसलं. पुतण्याचा चेहरा खुलला. ते निवडल्यावर मात्र पडदा काळा.

दुसरी अडचण: कन्व्हर्टरची धाव

इथं थोडं गणित करावंच लागतं, कारण सीआरटीचं सगळं शहाणपण या एका गुणाकारात आहे. १६०० × १२०० म्हणजे फक्त तेवढे पिक्सेल नव्हेत. नळीतला इलेक्ट्रॉनचा किरण एक ओळ डावीकडून उजवीकडं रंगवतो आणि पुढच्या ओळीसाठी परत डावीकडं येतो. त्या परतीचा वेळही धरावा लागतो. नांगर सरीच्या टोकाला वळवायला बांधालगत जागा सोडतात, तसाच हा प्रकार. व्हेसा या पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणित वेळापत्रकात १६०० पिक्सेलांच्या ओळीची एकूण लांबी २१६० धरली आहे आणि १२०० ओळींच्या चित्राच्या एकूण ओळी १२५०.

आता ७५ हर्ट्झ हवं असेल तर १२५० × ७५ म्हणजे सेकंदाला ९३,७५० ओळी, म्हणजे ९३.७५ किलोहर्ट्झ. मॉनिटरची मर्यादा ९६, म्हणजे बसलं. प्रत्येक ओळीत २१६० पिक्सेल, म्हणून ९३,७५० × २१६० करून पिक्सेल क्लॉक (सेकंदाला किती पिक्सेल) २०२.५ मेगाहर्ट्झ. हा आकडा मॉनिटरच्याही आधी चित्र पाठवणाऱ्यानं पेलायचा असतो. ६० हर्ट्झवर समाधान मानलं तरी १६२ मेगाहर्ट्झ लागतोच.

कन्व्हर्टरच्या पाकिटावर '१०८०पी, ६० हर्ट्झ' असं ठळक छापलेलं होतं. लोकांना तो आकडा मोठा वाटतो. १०८०पी ला ६० हर्ट्झवर १४८.५ मेगाहर्ट्झ पुरतो. १६२ च्या आधीच त्याची धाव संपत होती. मॉनिटर ९६ किलोहर्ट्झपर्यंत यायला तयार, संगणकही तयार आणि मधला बोटभर डबा दमलेला.

पुतण्यानं यावर एक हुशारीचा उपाय आधीच करून पाहिला होता. 'रिड्यूस्ड ब्लँकिंग' नावाचं वेळापत्रक असतं, त्यात परतीची जागा कापून पिक्सेल क्लॉक कमी करतात. १६०० × १२०० ला ६० हर्ट्झवर तो १३०.२५ मेगाहर्ट्झवर येतो, म्हणजे कन्व्हर्टरच्या आवाक्यात. चित्र आलंही. फक्त डाव्या कडेला दोन बोटं रुंदीचा पट्टा स्वतःवरच दुमडलेला, उजळ आणि उलटा: कोरलची टूलपट्टी आरशात पाहावी तशी. ही युक्ती एलसीडीसाठी आहे. एलसीडीत किरणच नाही, तर परत कोण येणार? त्या वेळापत्रकात ओळीच्या शेवटी १६० पिक्सेल सोडतात, म्हणजे सव्वा मायक्रोसेकंद. प्रमाणित वेळापत्रकात ६० हर्ट्झला साडेतीन मायक्रोसेकंदांच्या आसपास सुटतात. किरण अजून परतीच्या वाटेवर असतानाच पुढच्या ओळीचं चित्र सुरू होतं आणि ते वाटेतच रंगवलं जातं. मॉनिटरमध्ये यावर इलाज नाही. रुंदी कमी करा, चित्र सरकवा, दुमड तशीच राहते.

कार्डाची निवड

तेव्हा उरला एकच रस्ता: अ‍ॅनलॉग सिग्नल स्वतः तयार करणारं ग्राफिक्स कार्ड. इथं लोक फार फसतात, म्हणून नीट सांगतो. एनव्हिडियानं २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून अ‍ॅनलॉग आउटपुट काढून टाकलं. त्या पिढीच्या कार्डावर डीव्हीआय जातीचं सॉकेट दिसलं तरी ते डीव्हीआय-डी (फक्त डिजिटल) असतं, त्यातून व्हीजीए निघत नाही. साधा प्लास्टिकचा डीव्हीआय-व्हीजीए जोड त्यात बसणारही नाही, कारण सपाट पात्याभोवतीची चार छिद्रं तिथं नसतात. डीव्हीआय-आय मध्ये ती चार छिद्रं असतात आणि अ‍ॅनलॉग तिथून येतो. जुन्या बाजारात कार्ड हातात घेऊन बघायचं ते हेच.

महागडं कार्ड घ्यायचं कारण नव्हतं. गेम खेळायचे नव्हते, पत्रिका लावायच्या होत्या. जीटी ७१० हे एनव्हिडियाच्या जुन्या केप्लर पिढीचं साधं, पंख्याविनाचं, अर्ध्या उंचीचं कार्ड. त्याला खरं व्हीजीए आहे आणि व्हीजीएवर २०४८ × १५३६ पर्यंत जायची कुवत. नव्या डब्यात पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट मोकळा होता. कार्ड कोल्हापुरात जुन्यात मिळालं. बेंगळुरूच्या एस. पी. रोडला सांगून ठेवलं होतं, ती वेळ आली नाही.

ज्याच्या डब्यात स्लॉटच नाही, त्यानं डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए कन्व्हर्टर शोधावा, पण पाकिटावरचं 'फुल एचडी' न वाचता पिक्सेल क्लॉक किती ते विचारावं. दुकानदाराला सांगता आलं नाही तर तो घेऊ नये.

तिसरी अडचण: बीएनसी की पंधरा पिना

कार्ड बसलं, पंधरा पिनांच्या केबलवर १६०० × १२०० पंच्याहत्तरला आलं. अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "सावली पडतीय." खरंच पडत होती. प्रत्येक काळ्या उभ्या रेघेच्या उजवीकडं फिकट राखाडी दुसरी रेघ. २०० मेगाहर्ट्झचा सिग्नल स्वस्त केबलमधून गेला की असंच होतं. तारा नीट झाकलेल्या नसतात, टोकाला सिग्नल थोडा परत फिरतो आणि चित्रात भूत उभं राहतं. अण्णांची जुनी बीएनसी केबल प्रत्येक रंगाला स्वतंत्र ७५ ओहमची कोअ‍ॅक्शियल तार देणारी. ती लावली की भूत गायब, पण मॉनिटर पुन्हा मुका.

यावर मार्ग असा. कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'कस्टम रिझोल्यूशन' असतं. तिथं १६०० × १२००, ७५ हर्ट्झ भरून टायमिंगमध्ये 'डीएमटी' (व्हेसाचं ते प्रमाणित वेळापत्रक) निवडायचं. 'ऑटोमॅटिक'वर सोडायचं नाही, नाहीतर ते कधी रिड्यूस्ड ब्लँकिंग उचलेल याचा नेम नाही. चाचणी घ्यायची, चित्र स्थिर आलं तर साठवायचं. मॉनिटरची कुंडली लागतच नाही, कारण पल्ले आपल्याला लेबलवरून माहीत असतात. लिनक्सवाल्यांनी हेच काम सीव्हीटी आणि एक्सरँडर या आज्ञांनी करावं, तत्त्व तेच.

एक खातरजमा मात्र प्रत्येक वेळी करायची. विंडोज १० च्या प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन आकडे दिसतात: डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि प्रत्यक्ष सिग्नलचं. कधीकधी डेस्कटॉप १६०० × १२०० म्हणतो आणि सिग्नल १०२४ × ७६८ चाच जात असतो. कार्ड मोठं चित्र दाबून लहान करतं आणि आपण आकडा बघून खूश. सगळ्यात विश्वासू साक्षीदार म्हणजे मॉनिटरचा स्वतःचा मेनू. तिथं ९३.८ किलोहर्ट्झ, ७५ हर्ट्झ असं दिसलं की काम झालं.

८५ हर्ट्झही घालून पाहिलं, ते १०६.२५ किलोहर्ट्झ मागतं. मॉनिटरनं निळी चौकट दाखवून पल्ल्याबाहेर असल्याचं सांगितलं आणि गप्प बसला. हा मॉनिटर शहाणा म्हणून ठीक. फार जुन्या, विशेषतः एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या वर्कस्टेशनच्या मॉनिटरांवर असे प्रयोग करू नयेत. त्यांच्यात नकार द्यायची सोय नसते, आडव्या आउटपुटचा ट्रान्झिस्टर जातो आणि मग नकार कायमचा मिळतो.

२०४८ चा मोह

पुतण्यानं स्वतः गणित केलं होतं. २०४८ × १५३६ ला ६० हर्ट्झवर साधारण ९५.४५ किलोहर्ट्झ लागतात. ९६ च्या आत! "बसतंय की दादा!" कागदावर बसतंय, आणि आम्ही ते लावलं. चित्र आलं, मॉनिटरनं तक्रार केली नाही. पण ते चित्र होतं कसं, ते महत्त्वाचं.

२१ इंची म्हणवणाऱ्या या नळीचा दिसणारा भाग १९.८ इंच. म्हणजे रुंदी सुमारे ४०२ मिमी, उंची सुमारे ३०२. ग्रिलचा पिच ०.२५ मिमी, म्हणजे ४०२ भागिले ०.२५, पूर्ण रुंदीत लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांचे १६०८ संच. २०४८ वेगळे ठिपके दाखवायला तिथं तेवढी खिडकीच नाही. शिवाय पिक्सेल क्लॉक २६७ मेगाहर्ट्झच्या पुढं गेला, म्हणजे मॉनिटरच्या आतल्या व्हिडिओ अँप्लिफायरनं काळ्यावरून पांढऱ्यावर तितक्या झटपट उडी मारायला हवी. वय झालेला अँप्लिफायर ती अर्ध्यातच मारतो.

बोलून पटत नाही, म्हणून दोन नमुने काढले. एकात एक पिक्सेल काळी, एक पांढरी अशा आडव्या रेघा. दुसऱ्यात तशाच उभ्या. २०४८ वर आडव्या रेघा बारीक पण वेगळ्या दिसत होत्या, कारण अपर्चर ग्रिलला आडवं तुकडे पाडणारं काही नसतं आणि तिथं मर्यादा फक्त किरणाच्या जाडीची. उभ्या रेघांच्या जागी मात्र सपाट राखाडी रंग आणि त्यावर पाण्यावर तेल तरंगावं तशा रंगीत लाटा. मग 'पाटील' लिहून बारा पॉइंटला पाहिलं. शिरोरेघ धारदार आणि काने वितळलेले. देवनागरीत अक्षराचा कणा म्हणजे उभा दांडा, तोच गेल्यावर वरची रेघ घेऊन काय करायचं?

१६०० वर उभ्या रेघा दिसत होत्या. तितक्या कडक नाही, कडेला थोड्या मऊ, पण दिसत होत्या. १६०८ संच आणि १६०० पिक्सेल ही गाठ या नळीची नैसर्गिक सीमा आहे. तिच्या पुढचा आकडा मॉनिटर 'घेतो', दाखवत नाही.

थरथर

२०४८ ची चाचणी ६० हर्ट्झवर होती आणि तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडली. पडद्याची उजवी कड किंचित, एका लयीत डुलत होती, सेकंदाला दहा वेळा असावी. अण्णा म्हणाले, हे पूर्वीही थोडं व्हायचं, डोळ्याची सवय झाली होती.

दहा हा आकडा फुकट येत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, पडदा ६० चा, फरक १०. जवळ कुठंतरी ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असलं की ते किरणाला किंचित ओढतं आणि दोन्ही वारंवारतांच्या फरकानं चित्र हलतं. मागं भिंतीला टेकलेला यूपीएस, त्यातला ट्रान्सफॉर्मर, मॉनिटरच्या उजव्या मागच्या कोपऱ्यापासून वीतभर. यूपीएस उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खाली ठेवला आणि डुलणं थांबलं. खर्च शून्य. ७५ हर्ट्झवर हाच फरक २५ होतो, तो डुलण्यासारखा न दिसता अक्षराच्या कडा धूसर झाल्यासारखा वाटतो. म्हणजे अण्णांना जुन्या दिवसांतही मिळायला हवं होतं त्यापेक्षा थोडं मऊ चित्र मिळत होतं.

यूपीएसचीच दुसरी गोष्ट. मॉनिटर सुरू होताना डीगॉसची (नळीतलं साठलेलं चुंबकत्व घालवणारी) कॉइल क्षणभर मोठा करंट ओढते. संगणक चालू असताना वीज गेलेली असेल आणि तेव्हाच मॉनिटर बंद करून परत चालू केला तर हा लहान यूपीएस किंचाळून बसतो. निपाणीत पावसाळ्यात वीज जाणं-येणं चालूच असतं. अण्णांना सांगून ठेवलंय: बॅटरीवर असताना मॉनिटरच्या बटनाला हात लावायचा नाही.

फोकस

हे काम मी शेवटी ठेवलं, कारण सिग्नल स्वच्छ झाल्याशिवाय फोकस लावणं म्हणजे वेळ घालवणं. मॉनिटर अर्धा तास तापू दिला. थंड नळीचा फोकस आणि तापलेल्या नळीचा फोकस वेगळा असतो, पावसाळी दमट हवेत तर जास्तच. एलओटीवर (नळीला उच्च व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) दोन फोकस पॉट आणि एक स्क्रीन पॉट, म्हणजे फिरवायची बटनं, असतात. मधोमध आणि चारी कोपऱ्यांत 'क्ष' आणि 'श्री' भरून ठेवले, एक पॉट केसभर फिरवला तर उभ्या रेघा सुधारतात, दुसरा फिरवला तर आडव्या. मध्यावर अगदी कडक केलं तर कोपरे फुटतात, म्हणून थोडं कमी-जास्त करावं लागतं. स्क्रीन पॉटला हात लावला नाही, काळा रंग काळाच होता.

झाकण उघडून हे करणं घरच्या माणसाचं काम नव्हे. नळीच्या अ‍ॅनोडला २५ हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि बंद केल्यावरही नळी चार्ज धरून ठेवते. टीव्ही दुरुस्त करणारा जुना मिस्त्री गाठावा. निपाणी-चिकोडीत असे हात अजून आहेत.

पडद्यावर वरच्या आणि खालच्या तिसऱ्या भागात केसासारखी एकेक फिकट आडवी रेघ आहे, तिला पुतण्यानं ओरखडा समजून पुसायला घेतलं होतं. ती ग्रिलच्या तारा थरथरू नयेत म्हणून बांधलेल्या आडव्या तारेची सावली. १९६८ च्या सोनीच्या ट्रिनिट्रॉनपासून या जातीच्या नळ्यांबरोबर ती आलीच.

शेवटी काय ठरलं

दोन मोड साठवले. जुळणीसाठी १६०० × १२००, ७५ हर्ट्झ. ७० हर्ट्झही (८७.५ किलोहर्ट्झ) लावून पाहिलं होतं, आडव्या विभागावरचा ताण कमी म्हणून मला तेच आवडलं होतं. पण पांढरं पान समोर असताना नजर कीबोर्डकडं गेली की अण्णांना डोळ्याच्या कडेनं पडदा लुकलुकताना जाणवायचा. दिवसभर बसायचं त्यांना आहे, मला नाही.

नुसतं टाइप करायला आणि प्रूफ वाचायला १२८० × ९६०, ८५ हर्ट्झ. हा आकडा ८५.९ किलोहर्ट्झ आणि १४८.५ मेगाहर्ट्झमध्ये भागतो, अक्षरं मोठी आणि अतिशय कडक येतात. मुद्दाम १२८० × १०२४ टाळलं. ते ५:४ प्रमाण आहे, नळी ४:३. पडदाभर ताणलं की प्रत्येक गोल पंधराला सोळा इतका आडवा पसरतो. पत्रिकेवरचा कलश पडद्यावर बसका दिसतो, मग जुळवणारा तो उभा ताणून 'दुरुस्त' करतो आणि छापून आल्यावर कलश लांबुळका होतो. यादीत ठळक दिसतं म्हणून किती डीटीपीवाल्यांनी १२८० × १०२४ वर वर्षं काढली असतील कोण जाणे.

प्रत्येक मोडची रुंदी, उंची आणि कडांचा बाक मेनूतून वेगळा लावला. मॉनिटर ते वारंवारतेनुसार लक्षात ठेवतो, मोड बदलला की आपलं आपण जुळवून घेतो. रुंदी लावताना पट्टी धरून पडद्यावरचा चौकोन खरंच चौकोन आहे का ते मोजलं. १६०० वर इंचाला सुमारे १०१ पिक्सेल येतात, म्हणजे शंभर टक्के झूमला पान जवळपास खऱ्या मापात दिसतं. छापलेली पत्रिका पडद्याला लावून अण्णांनी ते तपासलं तेव्हाच त्यांचं समाधान झालं.

हे सगळं करायलाच हवं होतं का? माझं मत विचारलं तर नाही. जुन्यात १९२० × १२०० चा २४ इंची एलसीडी घेतला असता तर टेबल मोकळं झालं असतं, विजेचं बिल कमी आलं असतं (हा मॉनिटर सव्वाशे वॉटच्या वर खातो) आणि वरचा निम्मा लेख लिहावा लागला नसता. ते अण्णांना मी आधीच सांगितलं होतं. त्यांचं उत्तर होतं की कुंकवाचा लाल आणि हळदीचा पिवळा ते या काचेवर बघून ठरवतात आणि छापखान्यातून काय येईल हे त्यांना या काचेवरूनच कळतं. डोळा असा एका नळीला लागलेला असला की त्याला दुसऱ्या पडद्याची सवय लावणं हे कार्ड बदलण्याइतकं स्वस्त नसतं. दोन हजारांच्या आत काम झालं, त्यामुळं वाद घालायला मलाही फार जागा उरली नाही.

कार्डाच्या ड्रायव्हरबद्दल एक सूचना लिहून मॉनिटरच्या बाजूला चिकटवली आहे. केप्लर कार्डांना एनव्हिडियाची ४७० ही शेवटची ड्रायव्हर मालिका. विंडोज अपडेटनं मध्येच ड्रायव्हर बदलला की साठवलेले कस्टम मोड पुसले जातात आणि पडदा पुन्हा १०२४ वर येतो. तसं झालं तर मॉनिटरला दोष न देता कंट्रोल पॅनेल उघडायचं आणि चिठ्ठीवरचे दोन्ही मोड डीएमटी टायमिंगनं परत भरायचे. पुतण्या सुट्टीला आला की हे काम त्याचं.